बुधवारच्या तक्त्यावरचं अक्षर

लग्न होऊन मी नाशिकला अंबडच्या दोन खोल्यांत आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं होतं. नुसतं नाव नाही. मोहरीच्या डब्यावर ‘मोहरी’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘झाकण घट्ट लावणे’. मी गिरणारे गावाकडच्या, टोमॅटो-फुलांची शेती असलेल्या घरातली, त्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली. मोहरी कोणती आणि जिरं कोणतं हे मला डब्याने सांगायची गरज नव्हती. मी तसं ऐकवलंही. नवरा म्हणाला, ते तुझ्यासाठी नाही, मला कोरी जागा बघवत नाही.

घरात मी त्याला अहोच म्हणायचे. लिहिताना मात्र एकेरीवर येते आहे, कारण मनातल्या मनात मी त्याच्याशी कायम एकेरीतच भांडले. मुलं झाली नाहीत. ती वेगळी गोष्ट आहे, ती इथे नको.

तो अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. नव्वदीची सुरुवात होती, ड्रॉइंग अजून हाताने काढायचे. उतरत्या टेबलावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, शाईच्या पेनाने रेघा मारायच्या आणि सगळ्यात शेवटी मापं, नावं, सूचना लिहायच्या. रेघा कुणीही मारतो, असं तो म्हणायचा. ड्रॉइंग बोलतं ते अक्षरामुळे. त्याच्या ऑफिसातले बाकीचे लोक अक्षरांसाठी स्टेन्सिल वापरायचे. हा वापरत नसे, आणि वापरणाऱ्यांबद्दल जरा नाक मुरडून बोलायचा. कारखान्याच्या भिंतीवर दर महिन्याला उत्पादनाचा मराठी तक्ता लागायचा, तोही त्यानेच रंगवायचा. मराठी लिहिताना पेन्सिलीने वरची एकच रेघ मारायची, खालची नाही. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली वरून टांगलेली असतात, त्यांना खालून टेकू कशाला, हे त्याचं तत्त्वज्ञान. मला ते पोरकट वाटायचं. आता वाटत नाही.

मग कारखान्यात ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर आले. त्यालाही शिकायला पाठवलं आणि तो शिकलाही, पण तिथे सगळ्यांचं अक्षर एकसारखंच उमटायचं. त्याच्या हाताला काही काम उरलं नाही. थोड्या दिवसांनी त्याची स्टोअरला बदली झाली. घरी येऊन त्याने तक्रार केली नाही, साहेबांना शिव्या दिल्या नाहीत. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर काहीबाही लिहीत बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, हात मोकळा करतोय. मला भांडणारा नवरा परवडला असता.

याच सुमारास मी भाजीपाला उत्पादकांच्या एका संस्थेत नोकरीला लागले. संस्थेची शेड पंचवटीत मार्केट यार्डाच्या जवळ होती. कोणत्या भाजीची किती आवक झाली, काय भाव निघाला, हे आकडे गोळा करायचं काम माझं. पुढे काही वर्षांनी अध्यक्षांच्या मनात आलं की हे आकडे कपाटात कुजण्यापेक्षा शेडच्या बाहेर फलकावर लावावेत, दर बुधवारी, चित्ररूपाने, म्हणजे माल आणणाऱ्याला चढ-उतार एका नजरेत दिसेल. पुस्तकी मराठीत त्याला आलेख म्हणतात. शेडवर येणारे सगळे तक्ता म्हणायचे, म्हणून मीही तक्ताच म्हणते.

आकडे इतके होते की दर आठवड्याला हाताने काढणं अशक्य. पुस्तकं आणि इंटरनेट कॅफे यांच्या जिवावर मी पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकले. तिच्यात आलेख काढायची एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी तरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा, आपण फक्त हाक मारायची. आकडे दिले की ती रेघ काढून देई. डोक्यावर शीर्षक, उभ्या अक्षाला नाव, आडव्या अक्षाखाली तारखा, कोणती रेघ कशाची ते कोपऱ्यात. इंग्रजीत सगळं बिनबोभाट व्हायचं. मराठी दिली की बाईसाहेबांची तारांबळ. कोथिंबिरीची वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन उभी राहिली, फ्लॉवरमधलं जोडाक्षर फुटलं. पहिला तक्ता लावला तेव्हा लोक भाव बघायचे सोडून नावांनाच हसले. ही कोणती नवी भाजी काढली, असं एकाने मला तोंडावर विचारलं. मी तो तक्ता फाडला, गुंडाळी करून घरी आणला आणि येता येता त्या लायब्ररीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

नवऱ्याने गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली. खूप वेळ बघितलं. मग विचारलं, या लायब्ररीत अक्षरांच्या जागी चित्र ठेवता येतं का. येत होतं. तक्त्यावरचं कुठलंही ठिकाण आकड्यांत सांगायचं, तिथे चित्र ठेवायचं आणि ते किती पट मोठं दिसावं तो आकडा द्यायचा. मी हो म्हणाले. तो उठला, कपाटातून पेनं काढली, वाळलेली शाई धुतली आणि कितीतरी वर्षांनी ट्रेसिंग पेपरवर वरची एक रेघ मारली.

त्याने लिहायचं, मी ते ऑफिसात स्कॅन करायचं आणि प्रोग्राममधून तक्त्यावर जागच्या जागी बसवायचं, असं सुरू झालं. रविवारची सकाळ त्यातच जायची. मी जागा सांगायचे, तो त्या जागेला शोभेल असं अक्षर काढायचा. खरं तर एकदा ‘टोमॅटो’ लिहिलं की तेच चित्र पुन्हा वापरता आलं असतं. पण त्याला ते पटत नव्हतं. या आठवड्यात रेघ वर गेली आहे, शब्दाला जागा कमी आहे, तेव्हा शब्दही त्या मापाचा हवा, असं म्हणून तो दर खेपेला नव्याने लिहायचा. मी हट्टी म्हणायचे आणि चहा टाकायचे. खरं सांगते, आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. तक्ते छापून आले की बुधवारी तो कामावर जायच्या आधी माझ्याबरोबर शेडवर यायचा, फलकापासून जरा लांब उभा राहायचा आणि लोक कसे वाचतात ते बघायचा. त्या दिवशी डबा चाटूनपुसून संपलेला असायचा.

हातात काही होतंय हे आधी मला माझ्या प्रोग्रामवरून कळलं. चित्र किती पट मोठं करायचं तो आकडा मी एकदा ठरवला होता आणि पहिलं वर्ष त्याला हात लावावा लागला नाही. पुढे शब्द तक्त्यावर बारीक दिसायला लागले, म्हणून आकडा वाढवला. थोड्या दिवसांनी परत वाढवला. मला वाटलं स्कॅनरचं कुणीतरी सेटिंग बिघडवलंय. मी दुरुस्तीवाल्याला बोलावून त्याच्याशी कडाडून भांडले. तो बिचारा स्कॅनर उघडून, पुसून, पुन्हा लावून गेला आणि जाताना म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, तुमचा कागद बघा.

मी कागद बघितला. ‘कोथिंबीर’ हा शब्द नेहमीसारखा ठसठशीत सुरू झाला होता आणि शेवटच्या र पर्यंत येता येता आखडून पार वर, शिरोरेषेला चिकटला होता. मागच्या आठवड्याचे कागद काढले. तिथेही तेच. घरी गेल्यावर मी म्हटलं, जरा मोठं लिहा. तो म्हणाला, मोठंच लिहितोय. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ते मोठं दिसत होतं.

मी त्याला खालचीही रेघ मारायला लावली. ज्या माणसाने जन्मभर मराठीला खालची रेघ मारली नव्हती त्याने माझ्या समाधानासाठी ती मारली, आणि दोन रेघांमध्ये अक्षर पुन्हा पहिल्यासारखं भरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्याच दिवसांत त्याचा उजवा अंगठा मांडीवर ठेवल्या ठेवल्या आपोआप हलायला लागला.

डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं, बोटं चुटकीसारखी मिटायला-उघडायला सांगितली, आणि मग कागद पुढे करून नाव-पत्ता लिहायला सांगितलं. नाव झोकात सुरू झालं. नाशिकपर्यंत पोचता पोचता अक्षर मुंगीएवढं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. मी वीस गोष्टी विचारल्या, चालता येईल का, जेवता येईल का, किती वर्षं, घराण्यात नव्हता मग कसा. त्याने एकच विचारलं, अक्षर राहील का. गोळ्यांनी काही काळ राहील, पण किती ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षात मी रडले. तो बाहेर दुकानांच्या पाट्या वाचत बसला होता.

त्याने कारखाना सोडला. आणि मग एक दिवस मला म्हणाला की पुढे तक्त्यांना लागतील ते सगळे शब्द आत्ताच लिहून ठेवू. सकाळची गोळी घेतली की थोड्या वेळाने हात बऱ्यापैकी स्थिर व्हायचा, जेवणापर्यंत टिकायचा. तेवढ्यात तो लिहायचा. दर खेपेला नव्याने लिहिणारा माणूस आता साठा करायला बसला होता. भाज्या झाल्या, बारा महिने झाले, सटाणा, येवला, दिंडोरी अशी गावांची नावं झाली. आवक, भाव, क्विंटल, जुडी. मग तो मला विचारायला लागला, आणखी काय लागेल. मी सांगेन ते लिहायचा आणि मी न सांगितलेलंही लिहायचा. ‘गारपीट’ लिहिलं, मालाला गिऱ्हाईक नसेल त्या दिवसासाठी ‘उठाव नाही’ लिहिलं, ‘बाजार बंद’ लिहिलं. मला त्या साठ्याचीच भीती वाटायला लागली होती. भीती वाटली की मी चिडते. एका सकाळी मी म्हटलं, वर्षभर पुरायला लोणचं घालताय का?

तो लिहीत राहिला. शब्द पुरा केला, पेन टेकवलं आणि मग म्हणाला, “तुला माझ्यावाचून अडायला नको.”

त्याचा आवाजही तोवर उतरला होता, त्या आजारात तो उतरतो, जवळ जाऊन ऐकावं लागायचं. मी जवळच होते. मला हे वाक्य कुठे ठेवावं ते कळेना. माझं त्याच्यावाचून फक्त तक्त्यापुरतंच अडणार होतं असं त्याला वाटत होतं का, हे मी त्याला विचारायला हवं होतं असं नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी भाकरी टाकायला आत गेले आणि पीठ मळत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

साठा पुरा झाला नाही. गोळीचा असर कमी कमी वेळ टिकायला लागला. ‘शेवगा’ लिहिताना शिरोरेषाच थरथरली, त्याने कागद बदलला, पुन्हा थरथरली. तो म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणाला. असे बरेच उद्या गेले. पेनांची टोकं वाळू नयेत म्हणून शेवटी मीच ती धुऊन टोपणं लावली. त्याने बघितलं आणि मान दुसरीकडे केली.

त्याच्या लिहिलेल्या शब्दांवर तक्ते पुढे बरेच दिवस चालले. पण बाजार काही आमच्या साठ्याला बांधलेला नव्हता. शेतकरी नव्या भाज्या लावायला लागले, पॉलीहाऊस आली. ब्रोकोली आली तेव्हा मी को कोबीतून कापला, बाकीची अक्षरं इकडून तिकडून गोळा केली आणि कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी बसवली. शिरोरेषा काही केल्या एका ओळीत येईनात. शब्द दात पडल्यासारखा दिसत होता. तो तक्ता मी घरी आणलाच नाही.

पुढच्या वर्षी संस्थेत एक नवी मुलगी कामाला आली, कॉम्प्युटरचं शिकलेली. माझं कापाकापीचं काम बघून तिला वाईट वाटलं असावं. तिने सांगितलं की आता दुसरी एक सोय निघाली आहे, ती मराठी अक्षरं आधी नीट जुळवते आणि मग आलेखावर ठेवते. तिने करून दाखवलं. कोथिंबीर जागच्या जागी, फ्लॉवर धडधाकट, ब्रोकोली एका रेघेत. अध्यक्ष खूश झाले, आता सगळे तक्ते असेच करा म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. मी मान डोलावली.

नवऱ्याला सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? त्याने विचारलं, अक्षर कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे, छापील असतं तसं. बुधवारी मला ने, म्हणाला.

त्या बुधवारच्या तक्त्यात मी एकच शब्द त्याच्या हातचा ठेवला, उभ्या अक्षावरचा ‘आवक’. प्रोग्राममध्ये बाकी सगळं बदललं, ती ओळ तशीच राहू दिली. का ठेवली, याला माझ्याकडे दुसरं काही कारण नाही, मला तो शब्द काढवला नाही.

आम्ही रिक्षाने गेलो. मी त्याला फलकासमोर एका उलट्या क्रेटवर बसवलं. माल उतरत होता, लोक येत होते. एक जण पिशवी खांद्यावर टाकून आला, टोमॅटोच्या रेघेवर बोट फिरवलं आणि गेला. दोघे-तिघे कांद्याच्या रेघेवरून आपसात वाद घालत उभे राहिले. एक ओळखीचे शेतकरी होते, पहिल्या तक्त्यापासून दर बुधवारी न चुकता यायचे. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत नीट वाचला. मला वाटलं, हे तरी बोलतील. ते माझ्याकडे वळले.

“ताई, ढोबळी मिरची लय पडली. पुढल्या बुधवारी काही आशा हाय का?”

मी काहीतरी उत्तर दिलं. इतकी वर्षं त्याच फलकावर हाताचं अक्षर वाचलेली माणसं होती ती, आणि आज छापील वाचत होती. अक्षर बदललंय असं एकानेही म्हटलं नाही. मी वाट बघत होते. तोही बघत होता आणि त्याने ते लपवलंही नाही. ऊन फलकावर यायला लागलं तेव्हा तो माझा हात धरून उठला, तक्त्याजवळ गेला आणि हलतं बोट ‘आवक’वर ठेवलं.

“हे काढ.”

मी म्हटलं, राहू द्या, कुणाला कळतंय.

“मला कळतंय,” तो म्हणाला. “एका कागदावर दोन हात चालत नाहीत.”

मग तिथेच, माल उतरवणाऱ्यांच्या गलक्यात, मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता तरी, त्याने मला त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातली एक रीत सांगितली. एखाद्याचं ड्रॉइंग अर्धवट राहिलं, बदली झाली, आजारी पडला, काहीही, तर पुढचा माणूस त्याच्या रेघा तशाच ठेवायचा. अक्षर मात्र ठेवायचा नाही. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने हळूहळू खरवडून काढायची आणि सगळा मजकूर पुन्हा आपल्या हाताने लिहायचा. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन अचानक गेला, तेव्हा त्याचं अक्षर यानेच असं खरवडलं होतं. एवढ्या वर्षांत हे तो मला पहिल्यांदा सांगत होता. कागद फाटू नये म्हणून फार जपून करावं लागतं, म्हणाला.

मला ब्लेडची गरज नव्हती. पुढच्या आठवड्यात ऑफिसात बसून मी प्रोग्राममधली ती एक ओळ पुसली आणि तिच्या जागी ‘आवक’ टाइप केलं. तक्ता छापून आला. तो आधीच्यापेक्षा नेटका दिसत होता, आणि त्याचा मला इतका राग आला की मी तो कुणाला तरी देऊन फलकावर लावायला पाठवला, स्वतः गेले नाही.

संध्याकाळी घरी आले तर तो दाराकडे तोंड करूनच बसला होता. काढलंस का, विचारलं. मी म्हटलं, काढलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, बरं झालं, आता तक्ता एका हाताचा झाला. कुणाच्या, ते तो बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.